वद्य अष्टमीचा डबा

आइंडहोवन, १२ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

यामिनी म्हणाली, कानात नवं यंत्र बसवूनही फोनवर तुम्ही नुसतं "हो हो" म्हणता आणि फोन ठेवल्यावर तिला विचारता, "काय म्हणत होता तो?" म्हणून हे पत्र. किती वर्षांनी पेन हातात धरलंय. अक्षराला हसू नका.

जपानचा मुक्काम आटोपला की जूनमध्ये तुम्ही तिथूनच माझ्याकडे येताय, हे पक्कं. आधी नेदरलँड्स, मग जर्मनी, पॅरिस आणि जमलंच तर इटली. आता एक सूचना. आमच्या मंडळात भारतातून येणाऱ्या आईवडिलांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. कारणही आहे. गेल्या वर्षी मंडळातल्या देवदत्तचे वडील पॅरिसच्या स्टेशनवर पोलिसांना सापडले. ओळखपत्र हॉटेलात, आणि हे मराठीतून एकच सांगतायत, "माझा मुलगा मोठा इंजिनियर आहे." तिथे ओळख पटेपर्यंत चार तास बसवून ठेवता येतं. बसवलं.

तेव्हा नीट वाचा. माझ्याकडे नेदरलँड्समध्ये पोलिसांनी मागितलं तर पासपोर्ट दाखवावाच लागतो, आणि तो मूळ हवा. जर्मनीत नाव, जन्मतारीख, पत्ता एवढं सांगायचं. त्यापुढे "कुठे गेला होता, कशाला गेला होता" याचं उत्तर द्यायची सक्ती नाही. इटलीत परदेशी माणसानं कागद जवळ बाळगायलाच हवेत. आणि यातल्या कुठल्याही देशात संशयित म्हणून पकडलं, तर गप्प राहायचा हक्क आहे, वकिलाचा आहे, दुभाष्याचा आहे. न समजणाऱ्या कागदावर सही करायची नाही, म्हणजे नाहीच. तुमचा मोकळा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही पोलिसाला सांगलीपासून सुरुवात कराल!

सोबत इंग्रजीत छापलेला कागद पाठवतोय: 'मला काही बोलायचं नाही, वकील हवा, दुभाषा हवा, सही करणार नाही.' घडी घालून खिशात ठेवा. आत्तापासूनच सवय करा.

आईच्या वर्षश्राद्धाला खरं तर मी यायला हवं होतं. मुलगा मी आहे. पण मे महिन्यात इथून हलता येत नाही. तुम्ही तिथे करताय, म्हणून मन जरा हलकं आहे.

तुमचा,
सत्यजित

*

हिगाशी-कसाई, तोक्यो
२७ एप्रिल २०२५

चि. सत्यजित यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र आहे की फौजदारी नोटीस, हे पहिलं पान संपेपर्यंत कळेना. अरे, मी अजून तुझ्या युरोपात पाऊलही टाकलं नाही आणि तू मला संशयित करून मोकळा झालास. पण कागद खिशात ठेवलाय. सांगली स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं कर्ण्यातून ओरडलो, "मिरज-जत गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." आता म्हातारपणी गप्प बसायचा हक्क मिळतोय तर का सोडू?

मूळ पासपोर्ट तुझ्याकडे आल्यावर बाळगीन. इथे तो यामिनीच्या कपाटात कुलपात आहे आणि झेरॉक्स माझ्या पाकिटात. मूळ कागद कपाटात, झेरॉक्स खिशात. आपला सगळा जन्म असाच गेला, कधी अडलं नाही.

इथे माझं बरं चाललंय. अद्वय या आजोबाशी जपानीत बोलतो, मी त्याच्याशी मराठीत. मला तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नाही. यामिनी आणि उदय सकाळी कामाला गेले की मी सायकल काढतो. हो, सायकल! यामिनीची मैत्रीण अश्लेषा हिनं दिली. इथल्या आपल्या लोकांची रीतच आहे. कुणी घर बदललं, देशात परत गेलं, की कुकर, उशा, सायकल असं पुढच्या घरी सरकतं. ती आणि तिचा नवरा शशांक पलीकडे इचिकावाला राहायला गेले आणि जाताना सायकल ठेवून गेले. पुढे टोपली आहे. भाजी, अद्वयचं दप्तर, सगळं मावतं.

मोठी गुणी मुलगी. मला काका म्हणते. परवा जेवायला आले होते. दोघांनी कायम राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केलाय. दहा वर्षं घासल्यावर कुठे अर्ज करता येतो म्हणे. ती म्हणाली, "काका, फाइल पास होईपर्यंत मी रिकाम्या रस्त्यावर पण लाल सिग्नलला थांबते. पोलिसात कुठे नाव जरी आलं ना, तरी भीती वाटते." मी म्हटलं, एवढं जपून आमचे ड्रायव्हर गाडी चालवते तर मला कर्ण्यातून शिव्या द्याव्या लागल्या नसत्या.

आता तुझ्या आईचं. वैशाख वद्य अष्टमी. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना, ते तुझ्या लक्षात आहे ना? तू म्हणालास, मुलांची काळजी घेऊ म्हणा. गुरुजी म्हणाले, घराचं म्हणा. कावळा पिंपळावर बसून राहिला. सगळे उन्हात ताटकळले. मग मीच पुढे होऊन म्हणालो, "अरुणा, तुझं वर्षाचं पान मी यामिनीच्या घरी वाढीन." तेव्हा उतरला. तिकिटं काढून झाली होती तिची, लेकीचं घर बघायचं एवढंच राहिलं होतं. तेव्हा हे पान इथेच वाढायचं आहे आणि त्याच तिथीला. त्यासाठीच मी आलोय. बाकी फिरणं-बिरणं वरचं.

इथे कावळ्यांना तोटा नाही. आपल्या कावळ्याच्या दीडपट असतात. कचऱ्याच्या पिशव्यांवर लोक जाळी टाकतात त्यांच्यापायी. गच्चीवर खायला ठेवलं तर शेजारी तक्रार करतील म्हणून मी नदीकाठ बघून ठेवलाय. सायकलीनं जाईन. यामिनी खीर, वडे, सगळं करणार आहे.

काळजी नसावी.

तुझा,
बाबा

*

हिगाशी-कसाई
२५ मे २०२५

दादा,

फोनवर आपण दोघेही ओरडलो आणि तू काहीच धड ऐकलं नाहीस. म्हणून लिहितेय. एकदाच लिहीन.

अष्टमीला मी पहाटे उठून स्वयंपाक केला. बाबांनी आईच्या फोटोपुढे पान वाढलं, तिच्याशी बराच वेळ बोलले. मग कावळ्याचं पान आईच्याच स्टीलच्या डब्यात भरलं, डबा सायकलच्या टोपलीत ठेवला. मला म्हणाले, "तू जा ऑफिसला, मी कावळ्याला घालून येतो आणि मग जेवतो." मी कोतो भागातल्या माझ्या ऑफिसला गेले.

पुलाच्या अलीकडे दोन पोलिसांनी त्यांना थांबवलं. इथे सायकलवरच्या नोंदणीचा नंबर तपासतात, नेहमीचंच आहे. नंबर बघितला तर ती सायकल चोरीला गेल्याची नोंद! पासपोर्ट मागितला, तर बाबांनी झेरॉक्स दिली. इथे पाहुण्यानं मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचा असतो, तोही गुन्हाच. तरीही प्रकरण तिथेच मिटलं असतं. पोलिसांनी फोनवर हिंदी दुभाषा दिला. फक्त सांगायचं होतं, सायकल कुणाची, कुठून आली.

बाबांनी खिशातून तुझा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

ठाण्यात नेलं, तिथेही तेच. टेबलावर कागद आणि बोट त्याच्यावर. मला बोलावलं तेव्हा तो अधिकारी अगदी शांतपणे म्हणाला, "यामिनी-सान, आजोबा नदीवर फिरायला निघाले होते, असं तुम्ही म्हणता. फिरायला निघालेला माणूस असा कागद छापून खिशात ठेवतो का?" काय सांगू मी त्याला? की माझा भाऊ हुशार आहे?

त्यांना ताब्यात घेतलं. मला भेटूही दिलं नाही. वकील संघटनेतून एक वकीलबाई आल्या, त्यांच्याशीही बाबा बोलले नाहीत. रात्री कानातलं यंत्र काढून घेतलं, नियम आहे म्हणे. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले, समोरून आणि बाजूने. आपल्या बाबांचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्लेषा आणि शशांक आले आणि उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी तिचीच ती सायकल चोरीला गेली होती, तिनं तक्रार केली. आठवड्यानं ती सुपरमार्केटच्या मागे तिची तिलाच सापडली. हिनं आनंदानं घरी आणली आणि पोलिसांना कळवायचं राहून गेलं. एवढंच. तिला समज दिली, सही घेतली, झालं. तिच्या फाइलला काहीही झालं नाही. दुपारी बाबांना सोडलं. अधिकारी वाकून दिलगिरी व्यक्त करत होता.

अष्टमी गेली होती.

डबा त्यांनी पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून परत दिला. घरी येऊन मी उघडला. खीर आंबली होती. मी ओल्या कचऱ्यात टाकायला निघाले तर बाबांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि चपला घालून बाहेर गेले. तासाभरानं आले. डबा रिकामा आणि धुतलेला. मी विचारलं नाही.

तेव्हापासून ते बोलत नाहीत. अद्वयशीसुद्धा नाही. तू तो कागद पाठवला नसतास तर बाबा बोलले असते रे. ते सगळ्यांशी बोलतात.

यामिनी

*

आइंडहोवन, ३ जून २०२५

प्रिय यामिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू मला फासावर चढवायचं ठरवलंच आहेस, तर माझंही ऐक.

मी युरोपचं लिहिलं होतं. युरोपात तो कागद बरोबर आहे. आणि मी वाचून काढलंय, गप्प राहायचा हक्क जपानच्या राज्यघटनेतही आहे. मग चूक कुणाची? हक्क वापरला म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कोठडीत टाकणाऱ्याची, की हक्क सांगणाऱ्याची? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मी तक्रारीचा मसुदा केलाय, दूतावासालाही पाठवू. तू फक्त सही कर.

आणि वकिलाशी बोलायचं नाही, असं मी कुठे लिहिलं होतं? उलट वकील मागा असंच लिहिलं होतं. वकीलबाईंनाही त्यांनी काही सांगितलं नाही म्हणजे ते किती घाबरले असतील, बघ. ज्या पोलिसांनी त्यांना एवढं घाबरवलं त्यांची तू बाजू घेतेस?

बाबांना म्हणावं, पंधरा तारखेच्या विमानाची वाट बघतोय. इथे आल्यावर बोलते होतील.

दादा

*

हिगाशी-कसाई
१४ जून २०२५

दादा,

बाबा तुझ्याकडे येत नाहीत. तिकीट त्यांनी उदयला बदलायला लावलं, कागदावर लिहून. काल सांगलीला गेले. विमानतळावर अद्वय त्यांना मराठीत म्हणाला, "आजोबा, परत या." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन मराठी बोलला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

तुझा मसुदा मी फाडला. वरातीमागून घोडं कशाला?

पहिल्या पत्रात मी तुला एक सांगितलं नाही. सगळं तुझ्या माथी मारलं की सोपं होतं, म्हणून. सायकल कुणाची हे मला माहीत होतं ना? त्याच संध्याकाळी ठाण्यात मी नाव सांगू शकले असते. त्याआधी तिला विचारावं म्हणून बाहेर येऊन अश्लेषाला फोन केला. ती रडायलाच लागली. फाइल, दहा वर्षं, मुलीची शाळा. म्हणाली, "सकाळपर्यंत थांब, मी शशांकशी बोलून स्वतः येते. तोवर माझं नाव नको घेऊस." मी आत गेले आणि अधिकाऱ्याला म्हटलं, "माहिती काढून सकाळी सांगते." अष्टमी संपायला तेव्हा वेळ होता, दादा. बाबा सुटून नदीवर जाऊ शकले असते. मी थांबले.

अश्लेषा आता रोज फोन करते. मी उचलत नाही. पण तिच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं, तेही सांगता येत नाही.

बाबांना तू पत्र लिही. मला लिहिता येत नाही.

यामिनी

*

आइंडहोवन, २२ जून २०२५

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमची खोली तयार करून ठेवली होती. खिडकीतून सायकलींचा रस्ता दिसतो. आता दार लावून घेतलंय.

बाबा, मी चुकलो. लोकांना हक्क शिकवत फिरलो आणि स्वतःच्या बापाला असं काही शिकवलं, की आईचं पान कोठडीत आंबलं. यामिनीपुढे मी खूप कायदा झाडला, पण रात्री झोप लागत नाही. मंडळातलं ते काम मी सोडलंय. उरलेले कागद टाकून दिले.

मला रागवा, पण लिहा.

सत्यजित

*

सांगली
१० जुलै २०२५

चि. सत्यजित यास अनेक आशीर्वाद.

रागवायचं काय त्यात? ते मंडळाचं काम पुन्हा हातात घे आणि कागद पुन्हा छाप. चांगला कागद आहे. तुझ्या कागदामुळे मी गप्प बसलो, असं तुम्ही दोघांनी आपापसात ठरवून टाकलंत. मला कुणी विचारलंच नाही. आता लिहितो ते तुझ्यापाशी ठेव. यामिनीला कळवू नकोस, ती त्या मुलीशी बोलणं टाकेल.

मी घाबरलो नव्हतो. तो दुभाषा हिंदीतून स्वच्छ बोलत होता. यंत्राला फोन लावून धरला होता, शब्द न् शब्द कळला. "बाबूजी, यह साइकिल चोरी की है. किसने दी?" ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अश्लेषा आली, लाल सिग्नलला रिकाम्या रस्त्यावर थांबलेली. मला वाटलं, बिचारीनं कुणाकडून चोरीची सायकल नकळत घेतली. नाव घेतलं की हिची दहा वर्षं पाण्यात. माझं काय जाणार होतं? म्हातारा पाहुणा. फार तर देशात परत पाठवतील, आणि देशात तर मला यायचंच होतं.

मग तुझा कागद आठवला. खोटं बोलायला नको, आणि नावही घ्यायला नको. असा कागद ज्यानं काढला त्याचं भलं होवो, असं वाटलं मला तेव्हा. पोलिसांनीही मला हिंदीतून वाचून दाखवलं, की तुम्हाला गप्प राहायचा अधिकार आहे. वकीलबाईही भल्या होत्या. पण त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, सायकल कुणी दिली. मग त्यांच्याशी तरी काय बोलणार?

मला वाटलं होतं, तासभर बसवतील आणि सोडतील. डबा समोरच टेबलावर होता. ऊन सरकत होतं तसा मी डब्याकडे बघत होतो. एकदा वाटलं, सांगून टाकावं. तोंड उघडलंही होतं. मग त्या मुलीचं "काका" आठवलं आणि मिटलं. अंधार पडला तेव्हा समजलो, की आता अष्टमी हुकली. माझं काही जाणार नाही असं धरून चाललो होतो, आणि गेलं ते तुझ्या आईचं गेलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, नाव घेतलं असतं तर अर्ध्या तासात सुटलो असतो आणि तिच्या केसालाही धक्का लागला नसता. तिथे मला हसू आलं, खरंच. त्यानंतर बोलायला तोंड उघडलं की रडू येईल अशी भीती वाटायची. लेकीच्या घरी, नातवापुढे रडायचं नव्हतं. म्हणून बोललो नाही. तुम्हाला वाटलं, पोलिसांनी माझी वाचा घालवली.

आता डब्याचं. यामिनीच्या हातून घेतला आणि चालत नदीवर गेलो. काठावर दगडावर पान मांडलं. आंबलेली खीर, वडे, भात, सगळं. हात जोडून म्हणालो, "अरुणा, एक दिवस उशीर झाला. एका मुलीसाठी थांबलो होतो. तू असतीस तर तूही थांबली असतीस, असं वाटतं, पण तुला विचारता आलं नाही." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. एवढा मोठा. चार घासांत सगळं संपवलं आणि डबाही चोचीनं उलटा करून बघितला.

आपल्या घाटावर कावळा असा झटक्यात उतरला असता, तर लोक म्हणाले असते, बाई तृप्त झाली. मी पण घरी येईपर्यंत तेच म्हणत होतो. पण जिन्याशी कचऱ्याच्या पिशव्या होत्या. जाळीखालून चोच घालून दोन कावळे माशांची आतडी ओढत होते. तेव्हापासून मला कळत नाही, सत्यजित, तो तुझ्या आईसाठी आला होता की नुसता भुकेला होता. कुणाला विचारू?

पुढच्या वर्षीची अष्टमी तू कर. तिकडेच कर, रजा नसली तरी काढ. मी येईन. खीर साधीच कर, तिला वेलची फार आवडायची नाही. आणि तुमच्या गावचे कावळे कसे आहेत ते आधी बघून मला कळव. जरा ताटकळवणारे असले, तर बरं होईल.

तुझा,
बाबा